मालाचा तळ उठतो तेव्हां

रस्त्यानें जाणारा माल जेथें थांबतो तेथें माणसांना काम मिळतें. चालत्या गाडीवर चालक आणि त्याचा क्लीनर या दोघांचेंच पोट असतें. ती उभी राहिली म्हणजे तिच्याभोंवतीं दहा जणांची रोजी उभी राहते. माल उतरविणारे हमाल येतात, त्यांचा मुकादम येतो, नग मोजून घेणारा कारकून येतो, वजनकांट्यावरचा माणूस येतो. मग टायरवाला, ताडपत्री शिवणारा, खानावळवाली, चहावाला हेही ओळीनें येतात. म्हणून मालवाहतुकीचा एखादा तळ बंद झाला असतां त्याच्या हजेरीपटावर जितकीं नांवें होतीं तितक्यांचेंच काम गेलें असें समजणें बरोबर नाहीं. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यांत अशा बंद होण्याच्या दोन मोठ्या लाटा अलीकडच्या काळांत येऊन गेल्या. पहिली १ एप्रिल २०१३ रोजीं, जकात नाके उठले तेव्हां. दुसरी १ जुलै २०१७ नंतर, वस्तु व सेवा कर लागू झाला तेव्हां. दोन्ही वेळीं व्यापाराची सोय झाली यांत शंका नाहीं. गैरसोय कोणाची झाली हें मात्र नीट मोजलें गेलें नाहीं. आणि कां मोजलें गेलें नाहीं, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम असा तळ चालतो कसा तें पाहूं. भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यांतून रोज गाडीभर माल निघत नाहीं. चार पेट्या निघतात. त्या चार पेट्यांसाठीं कोणी स्वतंत्र ट्रक इंदूरला किंवा हुबळीला नेणार नाहीं. तेव्हां हा सुटा माल लहान टेंपोनें तळावर येतो, तेथें इतरांच्या पेट्यांबरोबर गांववार लावला जातो, आणि एका दिशेची गाडी भरली कीं ती रात्रीं निघते. मालाची बिल्टी फाडली जाते. माल कोणाचा, कोणास पोंचवावयाचा, भाडें आधीं दिलें कीं पोंचल्यावर मिळावयाचें, हें सर्व तिच्यावर असतें. हा धंदा करणारास जुन्या मराठींत हुंडेकरी म्हणत. आतां दारावर ट्रान्सपोर्टचा फलक लागतो, आणि हुंडेकरी हा शब्द बाजारपेठेंत क्वचित् ऐकूं येतो, एरवीं कांहीं घराण्यांच्या आडनांवांत उरला आहे.

अशा तळावर राबणाऱ्या माणसांची रोजी एकाच जातीची नसते. व्यवस्थापक आणि दोनचार कारकून पगारी असतात. त्यांचीं नांवें पटावर असतात. पहारेकरी व कांहीं भरणी-उतरणी करणारे ठेकेदाराचे असतात. त्यांचा पगार तळावर मिळत असला तरी त्यांचा मालक दुसरा. हमालांची टोळी माथाडी मंडळाकडे नोंदलेली असते, किंवा तीही नसते. टेंपोवाला स्वतःच्या गाडीचा मालक म्हणविला जातो, जरी त्या गाडीचे हप्ते निम्म्याहून अधिक फिटावयाचे असले तरी. आणि कुंपणाबाहेरचा चहावाला तर कोणाचाच नोकर नव्हे. तळाला कुलूप लागतें त्या दिवशीं या सर्वांची मिळकत एकदमच थांबते. नुकसानभरपाईचा विचार मात्र पहिल्या चौघांपाशींच संपतो.

ही गोष्ट आजची नाहीं. चिंचवड स्थानकावरून लोणावळ्याकडे ज्या लोहमार्गानें गाड्या जातात त्याच मार्गाच्या इतिहासांत तिचा जुना दाखला आहे. १८३० सालीं बोरघाटांतून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता तयार झाला. तोंपर्यंत कोंकणांतील मीठ वर आणणें आणि देशावरचें धान्य खालीं नेणें हें काम पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे तांडे करीत. रस्ता झाल्यावर तांडे मागें पडले व बैलगाडी पुढें सरसावली. मग आगगाडी आली. १८५६ सालीं ती मुंबईकडून खोपोलीस पोंचली आणि १४ जून १८५८ रोजीं खंडाळा ते पुणें हा मार्ग सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला. तेव्हां घाटाच्या पायथ्याशीं माल उतरे, गाडीवर चढून घाट चढे, आणि वर पुन्हा आगगाडींत भरला जाई. जवळजवळ पांच वर्षें या चढउतारीवर गाडीवान व हमाल यांचा चरितार्थ चालला. २१ एप्रिल १८६३ रोजीं पंचवीस बोगद्यांचा घाटमार्ग खुला झाला, आणि जें काम दोन आगगाड्यांच्या मधल्या खंडामुळें निर्माण झालें होतें तें तो खंड भरून निघतांच नाहींसें झालें. त्या मार्गाच्या वर्णनांत बोगदे, पूल व चढ यांचे आंकडे ठळकपणें येतात. गाडीवानांची गणती तशी येत नाहीं.

तांडेवाल्यांची कहाणी त्याहून कठोर आहे. रस्ते आणि लोहमार्ग यांनीं देशभर लमाण-बंजारांचा वाहतुकीचा धंदा ओढून नेला. पुढें १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, आणि ज्यांना काम देतां आलें नाहीं अशा अनेक फिरस्त्या जमातींवर सरकारनें पहारा बसविला. तो कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडलें. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत बंजारा हें नांव आजही आहे. धंदा बुडाला याची नोंद झाली नाहीं. धंदा बुडालेल्या माणसांची मात्र ठाण्यांत झाली.

आतां जकात नाक्यांकडे वळूं. जकात हा शब्द अरबी आहे व त्याचा मूळ अर्थ धर्मादाय असा आहे. नाक्यावर रांगेंत उभ्या राहिलेल्या ट्रकवाल्यांस त्यांत धर्म कितपत दिसला असेल तें सांगणें कठीण. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० सालीं स्थापन झाली आणि १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. कारखान्यांचें गांव, त्यामुळें कच्चा माल, सुटे भाग, यंत्रें यांची आवक अखंड. आणि हद्दींत येणाऱ्या मालावर किंमतीच्या प्रमाणांत जकात. श्रीमंत महानगरपालिका असा तिचा जो लौकिक झाला त्याचा मोठा आधार हीच जकात होती. पुणें-नाशिक रस्त्यावर मोशीस, मुंबईच्या जुन्या रस्त्यावर निगडीस, आणि इतर वाटांवर नाके असत. गाडी येई, कागद दाखविले जात, मालाची किंमत व प्रकार यांवरून आकारणी होई, पैसे भरून पावती मिळे, मग गाडी सुटे. कागद बरोबर असले तर गोष्ट थोड्या वेळाची. नसले, किंवा मालाच्या वर्गाविषयीं वाद निघाला, तर अर्धा दिवसही जाई. चालकास नियमांची भाषा कळत नसे, म्हणून कागद पुढें करणारे जकातीचे एजंट निर्माण झाले. अडलेल्या गाड्यांच्या आधारानें भोजनगृहें, पंक्चरचीं दुकानें, टपऱ्या उभ्या राहिल्या.

ही पद्धत चांगली होती असें कोणी म्हणणार नाहीं. गाडी उभी राहिली कीं डिझेल जळतें, माल उशिरां पोंचतो, आणि जेथें थांबविण्याचा अधिकार एकाच्या हातीं व घाई दुसऱ्यास असते तेथें पैशाची देवघेव टेबलाखालून होते, हें जगजाहीर आहे. राज्यांतील नगरपालिकांची जकात १९९९ सालींच उठली होती. महानगरपालिकांची टप्प्याटप्प्यानें उठत गेली. पुणें व पिंपरी-चिंचवड येथें १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागीं स्थानिक संस्था कर आला. हा कर व्यापाऱ्यानें आपल्या हिशेबावरून भरावयाचा असल्यामुळें नाका लागत नव्हता. व्यापाऱ्यांनीं त्याविरुद्ध बंद पाळले, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आंतील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला. जकात गेली ती गेलीच.

या घटनेंत नोकरीचें काय झालें? महानगरपालिकेचे कायम कर्मचारी नव्या कराच्या विभागांत व इतर खात्यांत घेतले गेले. त्यांची बदली झाली. रोजी गेली नाहीं. तें योग्यच होतें. परंतु एजंटाचा लेखनिक, नाक्यावरचा खानावळवाला, रात्रीं टायर काढून देणारा मुलगा यांच्यासाठीं बदलीचें खातें नव्हतें. गाडी थांबेनाशी झाली एवढेंच त्यांना कळलें. सरकारी हिशेबांत ते मुळांत नव्हतेच, म्हणून ते गेल्याचीही नोंद झाली नाहीं. कोणी म्हणेल कीं अडवणुकीवर जगणारांची दया कशाला? पण अडवणूक टपरीवाल्यानें केली नव्हती. त्यानें अडलेल्या माणसाला चहा दिला होता.

दुसरी लाट अधिक खोल गेली, आणि ती समजण्यास करांचा थोडा गुंता सोडविला पाहिजे. १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याप्रमाणें एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत माल विकला तर त्यावर केंद्रीय विक्रीकर लागे. २००८ पासून तो शेंकडा २ होता. हा कर खरेदीदारास पुढें वळता करून घेतां येत नसे. उलट कंपनीनें तोच माल विक्री न करतां परराज्यांतील स्वतःच्याच गोदामांत पाठविला, तर हा कर लागत नसे. मग तेथून स्थानिक विक्री करावयाची. शंभर रुपयांमागें दोन रुपये वांचत असतील तर कोणता व्यापारी गोदाम घेणार नाहीं? म्हणून प्रत्येक मोठ्या कंपनीनें राज्याराज्यांत लहान-मोठे डेपो ठेवले. हे डेपो गिऱ्हाइकाच्या जवळ असावेत म्हणून नव्हे, तर सीमेच्या अलीकडे असावेत म्हणून होते. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला, आणि विक्री असो वा परराज्यांतील आपल्याच गोदामाकडे पाठवणी असो, दोहोंवर कर लागून तो पुढें वळता होऊं लागला. राज्याराज्यांत डेपो ठेवण्याचें कारण एका रात्रींत संपलें. सीमेवरील तपासणी नाकेही त्याच सुमारास उठले. पहिल्या तीन दिवसांतच बावीस राज्यांनीं ते उठविल्याचें केंद्र सरकारनें जाहीर केलें. पुढें २०१८ पासून मालाबरोबर ई-वे बिल आलें व कागदाची तपासणी यंत्रावर गेली.

याचा परिणाम असा झाला कीं लहान डेपो मिटूं लागले आणि त्यांच्या जागीं थोडीं पण अवाढव्य गोदामें उभीं राहूं लागलीं. भिवंडीस तीं होतींच. चाकण-तळेगांव बाजूसही तीं वाढलीं. तेव्हां येथें निव्वळ रोजगार नाहींसा झाला असें म्हणतां येत नाहीं. तो हलला. पण काम हललें तरी माणूस हलतोच असें नाहीं, आणि येथेंच खरें दुखणें आहे. लहान डेपोंत पाठीवर पेटी घेणारा, कोणता माल कोठें लावावा हें तोंडपाठ असणारा पन्नाशीचा हमाल होता. नव्या गोदामांत उंच मांडण्या असतात, माल फोर्कलिफ्टनें चढतो, नग यंत्रानें वाचून नोंदला जातो, आणि माणसें ठेकेदाराकडून तरुण पाहून घेतलीं जातात. जुन्या हमालाचें सारें ज्ञान त्या जुन्या जागेचें होतें. जागा गेली तेव्हां तेंही निरुपयोगी झालें.

अशा वेळीं कायदा काय देतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानें कामगार कपातीस व आस्थापना बंद करण्यास कांहीं अटी घातल्या होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनें घेतली आहे, पण यांतील मुख्य चौकट तीच आहे. वर्षांत २४० दिवस काम झालेलें असेल तर तें सलग वर्ष धरलें जातें. प्रत्येक पूर्ण वर्षामागें पंधरा दिवसांचें सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळतें. म्हणजे बारा वर्षें नोकरी झालेल्या माणसास सुमारें सहा महिन्यांचा पगार. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तर बंद करण्यापूर्वीं साठ दिवसांची नोटीस सरकारला द्यावी लागते. याहून कडक अट म्हणजे सरकारची पूर्वपरवानगी. जुन्या कायद्यांत ती शंभर कामगारांपासून लागे. नव्या संहितेंत तीनशेंपासून लागते.

परंतु श्रोत्यांनी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. परवानगीची ही अट कारखाने, खाणी व मळे यांनाच होती, आणि आजही तेवढ्यांनाच आहे. मालवाहतुकीचा डेपो कारखाना नव्हे. तेथें तीनशें माणसें असलीं तरी परवानगी मागावी लागत नाहीं, नोटीस पुरते. हा फरक किती मोठा आहे तें तळेगांवच्या उदाहरणावरून दिसतें. २००८ सालीं तेथें सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या मोटार कारखान्याचें उत्पादन डिसेंबर २०२० मध्यें थांबलें. त्याच्या पटावर चौदाशेंच्या आसपास कामगार होते. त्यांची संघटना होती, म्हणून परवानगीचा व भरपाईचा प्रश्न सरकारपर्यंत व न्यायालयांपर्यंत गेला, वर्तमानपत्रांत आला, वर्षानुवर्षें चर्चेंत राहिला. जानेवारी २०२४ मध्यें तो कारखाना ह्युंदाईच्या ताब्यांत गेला. त्या कामगारांना मनासारखें मिळालें असें नव्हे. पण त्यांचें गाऱ्हाणें ऐकून घेण्यास एक दरवाजा होता. त्याच कारखान्यांतून तयार मोटारी वाहून नेणारे चालक, सुटे भाग आणणारे टेंपोवाले, ठेक्यावरचे भरणीवाले यांना तो दरवाजा नव्हता. त्यांचा आंकडा कोणी विचारला नाहीं, आणि विचारला असता तर सांगणार कोण?

महाराष्ट्रानें या प्रश्नाचें एक उत्तर पूर्वींच शोधलें होतें, हें मात्र अभिमानानें सांगितलें पाहिजे. मुंबईच्या बाजारांत ओझीं वाहणाऱ्यांना मालकच नसे. आज या पेढीचें पोतें, उद्यां त्या पेढीचें. अण्णासाहेब पाटील यांनीं त्यांची संघटना बांधली, आणि १९६९ सालीं राज्यानें माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्यांतील युक्ति साधी पण दूरदृष्टीची आहे. कामगाराची नोंद मालकाकडे नव्हे, मंडळाकडे. मालक, कामगार व सरकार अशा तिघांचे प्रतिनिधि त्या मंडळावर. माल उचलून घेणाऱ्यानें मजुरी मंडळांत भरावयाची, शिवाय ठराविक लेव्ही. तींतून भविष्यनिर्वाह निधि, उपदान, औषधपाणी यांची सोय. पेढी बुडाली तरी हमालाचा हिशेब बुडत नाहीं, कारण तो पेढीच्या वहींत नसतोच. भारतांत असा कायदा प्रथम करण्याचा मान या राज्याकडे जातो.

या कायद्यासही कीड लागली आहे, तीही लपवूं नये. माथाडीच्या नांवाखालीं खंडणी मागणाऱ्या टोळ्यांविरुद्ध चाकण परिसरांतील कारखानदारांनीं अनेकदां तक्रारी केल्या, व पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. अंगाला घाम न येतां लेव्हीवर डोळा ठेवणारा हा वर्ग खऱ्या हमालाचा सर्वांत मोठा शत्रु होय. त्याच्यामुळें कारखानदार मंडळाचें नांवही नको म्हणतो आणि ठेकेदार जवळ करतो. शिवाय नोंदलेल्या टोळीलाही डेपो बंद झाल्यावर नवें ठिकाण मिळेपर्यंत काम नसतें. मंडळाकडे निधीचा हिशेब शाबूत राहतो, चूल मात्र रोजच्या मजुरीवर पेटते.

परदेशांतील एक दाखला येथें उपयोगी पडेल. १ जानेवारी १९९३ पासून युरोपीय समुदायांतील देशांनीं आपसांतील सीमांवरची मालाची जकाततपासणी बंद केली. आपल्या नाक्यांप्रमाणें तेथेंही सीमेवर कागदपत्रें करून देणाऱ्या एजंटांच्या पेढ्या होत्या, त्यांत हजारों माणसें होतीं. त्यांचें काम कोणत्या तारखेला संपणार हें आधींच ठाऊक होतें. तेव्हां समुदायाच्या मंत्रिपरिषदेनें १७ डिसेंबर १९९२ रोजीं खास नियम करून या व्यवसायास नव्या परिस्थितीशीं जुळवून घेण्यासाठीं साहाय्य मंजूर केलें. सारे सांवरले असें नाहीं. पण नाका उठविणाऱ्यानेंच नाक्यावर जगणाऱ्याचा विचार केला, आणि नाका उठण्याच्या आधीं केला.

आपल्याकडे याकरितां नवें खातें काढण्याचें कारण नाहीं. हमालांची यादी माथाडी मंडळाकडे असते. रस्त्यावरच्या विक्रेत्यांची पाहणी करण्याचें काम २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानें नगरसंस्थांवर सोंपविलें आहे. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी २६ ऑगस्ट २०२१ पासून चालू आहे, तींत व्यवसाय लिहिला जातो. या तीन याद्या तीन कचेऱ्यांत पडून असतात. एखाद्या मोठ्या डेपोची साठ दिवसांची नोटीस कामगार खात्याकडे आली कीं त्याच दिवशीं तिची एकेक प्रत मंडळाकडे व महानगरपालिकेकडे जावी, आणि कुलूप लागण्यापूर्वीं डेपोच्या आवारांत व आवाराबाहेर कोण कोण आहे याची पाहणी व्हावी. मग टोळीस दुसरी जागा शोधावयास, विक्रेत्यास दुसरा परवाना द्यावयास, फोर्कलिफ्ट शिकूं इच्छिणाऱ्यास शिकवावयास दोन महिने हाताशीं राहतील. पन्नासांहून कमी माणसांच्या डेपोला नोटीसच लागत नाहीं, ही पळवाट आहे. तेथें टोळीच्या मुकादमानेंच मंडळास वेळेवर लिहून कळविलें पाहिजे, आणि हजेरीचीं कार्डें, मजुरीच्या पावत्या, निधीचें पुस्तक हीं डेपोच्या कपाटांत न ठेवतां ज्याचीं त्यानें आपल्या घरीं ठेवलीं पाहिजेत. कपाटाला सील लागलें म्हणजे २४० दिवस भरल्याचा पुरावाही आंतच राहतो.